जुईनगरच्या गच्चीवर चार प्रश्न



ऊस उत्पादकाचे जुईनगरात काय काम, असे कुणीही विचारील. आम्हांलाही ते आधी ठाऊक नव्हते. हंगाम आटोपला, शेवटच्या पंधरवड्याची बिले निघाली आणि कार्यालयीन कामासाठी आम्हां दोघांना वाशीच्या बाजार समितीत जायचे ठरले. ही बातमी आपल्या एका जुन्या सभासदांना लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुळाची लहान ढेप आणि शेंगांची पिशवी घेऊन कार्यालयात हजर. "पोरगं तिकडं जुईनगरला असतंय. माथाडीत हाय. एवढं द्या त्याला," म्हणाले. मग थोडे घुटमळले आणि हळूच बोलले, "आणि त्याला जरा समजावून सांगा. खालचं दीड एकर इकून टाका म्हणतंय."

खालचे दीड एकर म्हणजे ओढ्याकडेचा तुकडा. एके काळी याच तुकड्यात एकरी साठ-पासष्ट टन ऊस निघालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. गेली काही वर्षे तिथे उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो, उगवण विरळ होते आणि पंचवीस टनांच्या पुढे काटा सरकत नाही. असे तुकडे आपल्या कार्यक्षेत्रात थोडेथोडके नाहीत. हे वाचताना बऱ्याच जणांना आपापला तुकडा आठवला असेल.

असो. गुळाची ढेप घेऊन आम्ही निघालो. त्या एका रात्रीत जे बोलणे झाले ते सभासदांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेख.

भाताच्या खाचरांवरचे शहर

जुईनगर हे हार्बर रेल्वेवर सानपाडा आणि नेरूळ यांच्या मधले स्टेशन. आज तिथे पाहावे तिकडे इमारती दिसतात. पण जुईपाडा, शिरवणे ही नावे ऐकली की कळते, इथे आधी गावे होती. आगरी आणि कोळी समाजाची ही गावे. खाडीत मासेमारी, मिठागरे आणि खारजमिनीतले भात यांवर त्यांचा संसार चाले.

मुंबईची गर्दी हलवण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर करावे, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी निश्चित झाल्या. १९७३ साली खाडीवर पूल झाला. १९९२ साली मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली आणि पुढे बेलापूरकडे गेली. मुंबईतले कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळे, भाजीपाला हे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे हलले. बाजार आला तशी हमाल-माथाडी मंडळी आली. त्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर या आपल्याच भागांतली माणसे फार. आपल्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असे गाव क्वचितच सापडेल, जिथला एक तरी मुलगा तिकडे नाही.

आपल्या सभासदांचा मुलगा सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. दोन खोल्या, पण घर नेटके. आंब्याचा हंगाम ऐन भरात असल्याने तो पहाटे तीनला बाजारात जातो आणि दुपारी परततो. ढेप हातात घेऊन त्याने आधी वास घेतला. मग म्हणाला, "काका, रात्री गच्चीवर बसू. शेजारचे लोक पण येतात. वारा असतो."

रात्री गच्चीवर सतरंजी पडली. जमलेली मंडळी अशी: आमचा यजमान आणि त्याची पत्नी, सानपाड्याच्या कारशेडमध्ये गाड्यांची दुरुस्ती करणारा एक रेल्वे कामगार, ऐरोलीला संगणक कंपनीत जाणारा एक तरुण, एम्‌.एस्सी.ला शिकणारी शेजारची मुलगी. आणि शिरवण्याचे ऐंशीच्या घरातले एक आजोबा. या आजोबांच्या घरात यजमान पूर्वी भाड्याने राहत असे, तेव्हापासूनचा घरोबा.

आम्ही मुखपत्राची माणसे आहोत हे कळल्यावर संगणकवाला तरुण हसून म्हणाला, "मग घ्या मुलाखत." आम्ही खरोखरच चार प्रश्न विचारले. उत्तरे ज्याची त्याची, जशी आली तशी देत आहोत.

पहिला प्रश्न : यंत्राने बरे केले की वाईट?

संगणकवाल्याने सुरुवातच आमच्यावर घसरून केली. "काका, तुमच्या उसानं माझ्या मोटारसायकलचं ॲव्हरेज पाडलं." पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून शहरात हा विषय पानटपरीवरही असतो. आम्ही म्हटले, तक्रार अगदीच खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यातच लिहिले होते की, जुन्या बनावटीच्या चारचाकीत सहा-सात टक्के आणि दुचाकीत तीन-चार टक्के घट येऊ शकते. नव्या बनावटीच्या गाडीत ती एक-दोन टक्क्यांवर येते. ही गोष्ट पंपावर पाटी लावून आधीच सांगितली असती तर एवढी कुरकूर झाली नसती. मात्र सगळे पाप उसाच्या माथी मारू नये. आता देशातले निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि तांदूळ या धान्यांपासून होते.

"म्हणजे तुम्ही पण मानता," तो म्हणाला. आम्ही मानतो. आपल्या कारखान्याला इथेनॉलने पैसा दिला, तो वेळेवर दिला, हेही खरे. आणि ज्याच्या गाडीत ते जाते त्याला पुरते सांगितले पाहिजे, हेही खरे.

मग त्याने बारामतीचा विषय काढला. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग २०२४ साली शेतकऱ्यांच्या रानात नेला. उपग्रहाची चित्रे, रानात रोवलेले ओलावा मोजणारे यंत्र आणि हवामान यांचा मेळ घालून कधी आणि किती पाणी द्यायचे ते मोबाईलवर येते. पाणी निम्म्यापर्यंत वाचते आणि उत्पन्न तीस-चाळीस टक्क्यांनी वाढते असे प्रयोग करणारे सांगतात. तरुणाचे म्हणणे, हे सगळ्यांनी उद्याच घ्यावे.

यजमान शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "माझ्या वडलांकडं ओलावा मोजायचं यंत्र हाय. टाच. रानात टाच रुतली की पाणी बास. पण लाईट रात्री येते. मोटार सुरू करून माणूस झोपतो, सकाळपर्यंत रान तुंबतं. यंत्र काय म्हणतंय ते बघायला रात्री दोनला कोण उठणार?" सगळे हसले. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नवे यंत्र आणले आणि वीज तशीच राहिली तर यंत्र भिंतीवरच्या घड्याळासारखे टिकटिक करील.

स्वतःच्या कामाबद्दल मात्र त्याचे मत वेगळे होते. पूर्वी साखरेचे पोते १०० किलोचे असे, आता ५० किलोचे. "माझ्या चुलत्याच्या मानंवर अजून गाठ हाय. माझ्या नाही. पोतं निम्मं केलं, एवढंच तंत्रज्ञान. पण त्यासाठी संघटना लागली." अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यातून मंडळ, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना मिळाला. "आता पट्टे येतील, क्रेन येतील. येऊ द्यात. ओझं उतरावं, पण पोट उतरू नये."

हे ऐकून आम्हांला आपल्या फडातली टोळी आठवली. तोडणी यंत्रे वाढत आहेत. टोळीच्या उचलीत ज्यांचे पैसे बुडाले ते सभासद यंत्राचे स्वागत करतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण बीडकडून येणारी कोयत्याची जोडी यंत्र आल्यावर कुठे जाणार, हे आपण कुणी विचारत नाही. तोडणी कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे, त्याला कारखाने टनामागे दहा रुपये देतात. पण माथाडीला जसा कायद्याचा आधार मिळाला, तसा कोयत्याला अजून नाही.

दुसरा प्रश्न : पाणी कोण पितो?

इथे मुलगी पुढे सरसावली. कृषिमूल्य आयोगाच्या अहवालातला आकडा तिला पाठ होता: महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रात ऊस चार टक्क्यांहूनही कमी, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास. "काका, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तेव्हा मी शाळेत होते. टीव्हीवर ते टँकर बघितले. आणि त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता."

आपल्याकडे हा आकडा निघाला की लोक चवताळतात. आम्हीही चवताळणार होतो. ऊस हे वर्ष-दीड वर्षाचे पीक, त्याची तुलना चार महिन्यांच्या पिकाशी करू नये. उसाला हमीचा दर आहे, ज्वारी-तुरीला बाजारात कोण विचारतो, ही उत्तरे आपल्याला तोंडपाठ आहेत आणि ती खोटीही नाहीत. पण एक उत्तर आमच्याकडे नव्हते. तिने सरळ विचारले, "तुमच्या कारखान्याच्या हद्दीत एक टन उसाला किती पाणी लागतं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. साखर उतारा आम्ही दोन दशांश स्थळांपर्यंत सांगू शकलो असतो. पाण्याचा आकडा आम्हांला माहीत नव्हता.

रेल्वे कामगार आमच्या मदतीला आला. "शहराला पण विचार ना. आपल्या नळाचं पाणी कुठून येतं?" नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. त्याखाली तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. "आपण नळ सोडून दात घासतो, आणि शेतकऱ्याला पाणी वाचवा म्हणतो."

मग बोलणे खाडीकडे वळले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर यादीत त्याचे नाव गेले. पण पक्ष्याला हद्द कळत नाही. भरतीच्या वेळी ते नेरूळच्या तळ्यांवर येऊन बसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या एका तळ्याजवळ काही पक्षी मेले. भरतीचे पाणी तळ्यात येण्याची वाट बुजली म्हणून तळे सुकले, असे पर्यावरणवाल्यांचे म्हणणे होते. मुलगी म्हणाली, "पाणी आडवलं म्हणून तळं मेलं."

शिरवण्याचे आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पोरी, आमी पण पाणी आडवायचो. पन आमाला म्हायती होता, कवा आडवायचा आनि कवा सोडायचा."

तिसरा प्रश्न : विज्ञानाला पैसा कुणी द्यावा?

आजोबांचे बोलणे नीट कळायला हा प्रश्न मध्ये घ्यावा लागतो.

मुलीचे मत स्पष्ट होते: सरकारने द्यावा. आपला देश २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करीत होता. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात खर्च करतो. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, पाच वर्षांत ५०,००० कोटींचे लक्ष्य ठेवले, पण त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे. "खाजगीवाला त्याला हवं तेच संशोधन करणार," ती म्हणाली.

रेल्वे कामगाराचे मत उलट. "चंद्रावर यान गेलं, मला पण आनंद झाला. पण आमच्या शेडमध्ये पावसाळ्यात पाणी शिरतं त्याचं संशोधन कोण करणार?"

इथे आम्हांला बोलायला जागा सापडली. म्हटले, आमचे विज्ञान आमच्याच पैशाने चालते. १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनी मांजरीची संस्था उभी केली, जिला आज आपण वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतो. गाळपाच्या दर टनामागे एक रुपया तिकडे जातो. ज्या सभासदाचा १५० टन ऊस गाळला जातो, त्याच्या उसापोटी वर्षाला १५० रुपये. एका गड्याची एका दिवसाची मजुरीही त्यात भागत नाही. सरकारी पैशानेही मोठे काम झाले आहे. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ सालचे, आपले पाडेगावचे केंद्र १९३२ सालचे. आपल्या रानात उभा असलेला को ८६०३२ कोइमतूरला पैदा झाला आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. खारवट रानात तग धरणारा फुले २६५ पाडेगावचा, २००७ सालचा. एका जातीला दहा-बारा वर्षे निवडीत जातात. तेवढा काळ पगार, प्लॉट आणि पाणी कुणीतरी पुरवावे लागते.

"मग या रुपयाचा हिशेब तुम्ही विचारता का?" यजमानाने विचारले. तो आपल्या सभासदाचा मुलगा, त्याला विचारण्याचा हक्क आहे. २०२५ साली या निधीच्या विनियोगाची तपासणी करण्याचे शासनाने ठरवले तेव्हा वर्तमानपत्रांत बरेच रान उठले. कुणी त्यात राजकारण पाहिले, कुणी पारदर्शकता. आम्हांला त्या वादात पडायचे नाही. पण खरे सांगायचे तर आपल्या वार्षिक सभेत, आमच्या आठवणीत, या रुपयाबद्दल एकही प्रश्न आलेला नाही. साखर किती वाटणार, यावर मात्र दोन-दोन तास जातात. प्रश्न न विचारणारा सभासद पैसे देऊनही पाहुणाच राहतो.

चौथा प्रश्न : कुणाचे काय गेले?

आता आजोबांचे ऐकू. त्यांची बोली आम्हांला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून आमच्या शब्दांत सांगतो.

जिथे आज स्टेशन आणि इमारती आहेत, त्या पट्ट्यात त्यांच्या लहानपणी भाताची खाचरे होती. खाडीचे पाणी रानात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. बांधाला जागोजागी उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारे. पावसाळा लागला की दारे उघडून गोड्या पाण्याने रान धुवायचे, मीठ खाली आणि बाहेर जाऊ द्यायचे, मग भात लावायचे. भरती आली की दार बंद, ओहोटीला उघडे. बांध एकट्याचा नसे. फुटला की रात्रीबेरात्री सगळे गाव टोपल्या घेऊन धावे, कारण एकाच्या ढिलाईने सगळ्यांचे भात जाई.

या शेतकऱ्यांसाठी पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र होते आणि आहे; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. त्याने खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताच्या जाती काढल्या: पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. सरकारी पैशाचे विज्ञान गरिबाच्या उपयोगी पडले त्याचे हे चांगले उदाहरण. आजोबा म्हणाले, बियाणे चांगले निघाले, पण तोवर आमच्याकडे पेरायला जमीन उरली नाही.

जमिनी गेल्या त्याची हकीकत आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आजोबांच्या घरात त्या भूखंडावरून भावाभावांत कोर्ट झाले, ते वेगळेच. पण त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. नातू रेल्वेत आहे, नात नर्स आहे, हे त्यांनी कौतुकाने सांगितले.

मग आमच्या यजमानाकडे वळून त्यांनी विचारले, "तुजा रान खारट कसा झाला? तुमचेकडं तं खाडी नाय."

यजमान काही बोलेना. आम्हीच सांगितले: काळी, भारी जमीन, वर्षानुवर्षे पाटाने मोकाट पाणी, उसावर ऊस, ओढा गाळाने आणि अतिक्रमणाने बुजलेला. जास्तीचे पाणी खाली साचत गेले आणि पाण्याची पातळी वर आली. उन्हाने ते जमिनीतून वर ओढले जाते, पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार वर राहतात. तोच तो पांढरा थर.

आजोबा बराच वेळ विचार करीत बसले. मग म्हणाले, "आमची खारी जमीन आमी गोडी केली, ती शहरानं घेतली. तुमची गोडी जमीन तुमीच खारी केली. आनि आता इकतंव म्हनता. घेनारा काय पेरील तिच्यात?"

गच्चीवर कुणी काही बोलले नाही. खाली बेलापूरकडे जाणारी गाडी गेली. यजमानाची पत्नी म्हणाली, "मी हेच म्हणत होते, पण माझं कोण ऐकतं."

मातीचा कागद

मुलाला समजावण्याचे आमचे काम आजोबांनी परस्पर केले. आंब्याचा हंगाम सरल्यावर मुलगा चार दिवसांची रजा घेऊन गावी आला. मागे एका दुकानदाराच्या सांगण्यावरून वडिलांनी लागोपाठ दोन वर्षे त्या तुकड्यात जिप्सम टाकले होते, काही फरक पडला नव्हता. मातीची तपासणी मात्र एकदाही केली नव्हती. मुलाने नमुना काढून प्रयोगशाळेत दिला. अहवाल आला: सामू ८.२, क्षारता ५.६. याचा अर्थ जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. जिप्सम लागते ते चोपण जमिनीला. क्षारयुक्त जमिनीतले मीठ धुऊन बाहेर काढावे लागते, आणि त्यासाठी पाण्याला वाट लागते. दोन वर्षांचे जिप्समचे पैसे एका कागदाने वाचले असते.

ही वाट म्हणजे जमिनीखाली तीन-चार फुटांवर टाकायच्या छिद्रांच्या नळ्या. शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकाराने अशा सच्छिद्र नळ्यांतून क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणण्याचे मोठे काम झाले आहे. तिथला धडा असा की, हे काम एकट्याचे नाही. नळीतले पाणी शेवटी ओढ्यात सोडायचे, आणि ओढ्यापर्यंत जायला दुसऱ्याच्या रानातून जावे लागते. आजोबांच्या बांधासारखेच.

आपल्या सभासदांच्या तुकड्यापासून ओढ्यापर्यंत नऊ खातेदार आहेत. हा मजकूर छापायला जाईपर्यंत सहा जणांनी संमतीपत्रावर सह्या केल्या आहेत. दोघे म्हणतात, बघू. एकाचे आणि आपल्या सभासदांचे बांधावरून जुने भांडण आहे, बोलणे बंद आहे. तिथे अडले आहे. नळ्यांचे तंत्रज्ञान तयार आहे. अडले आहे ते माणसाशी.

आमची चूक

शेवटी आमच्या पदरातले. हे मुखपत्र दर वर्षी एकरी विक्रमी उत्पादन घेणाऱ्या सभासदांची यादी फोटोसह छापते. शंभर टन, एकशेदहा टन. त्या उसाला पाण्याच्या पाळ्या किती दिल्या, त्या जमिनीची क्षारता दहा वर्षांत किती वाढली, हे आम्ही कधी विचारले नाही आणि छापले नाही. आमच्या यादीत नाव यावे म्हणून कुणी दोन पाळ्या जादा दिल्या असतील, तर त्या पांढऱ्या थरात आमचाही वाटा आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, त्याचे कारण हेच.

म्हणून पुढील अंकापासून विक्रमी उत्पादनाच्या यादीत दोन रकाने वाढवीत आहोत: पाण्याच्या पाळ्या (किंवा ठिबक असल्यास तसे) आणि मातीची क्षारता. ज्यांना हे आकडे द्यायचे नाहीत त्यांचे टनही छापले जाणार नाहीत. तसेच संशोधनासाठी जाणाऱ्या रुपयाबद्दल सभासदांचे प्रश्न आम्ही लेखी मागवीत आहोत. आपल्या भागात कोणते संशोधन व्हावे, कोणत्या जातीची चाचणी आपल्या खारवट रानात घ्यावी, गेल्या पाच वर्षांत आपल्याला काय मिळाले, हे विचारा. आलेले प्रश्न सप्टेंबरच्या वार्षिक सभेत वाचून दाखवावेत, अशी विनंती आम्ही संचालक मंडळाकडे केली आहे.

पूर्वहंगामी लागणीपूर्वी ज्यांना माती तपासून घ्यायची आहे, त्यांनी नमुना असा काढावा: रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यावा. खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. बांध, विहीर, उकिरडा, झाडाखालची जागा टाळावी. सगळी माती घमेल्यात न घेता स्वच्छ कापडावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. सावलीत वाळवून पिशवीत नाव, गट नंबर आणि मागील पीक लिहिलेली चिठ्ठी घालावी. पांढरा थर असलेल्या जागेचा नमुना चांगल्या रानात मिसळू नये, वेगळा द्यावा. पिशव्या आपल्या गट कार्यालयात स्वीकारल्या जातील.

नवव्या खातेदाराकडे येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे जाणार आहोत. वाचकांपैकी त्यांच्या नात्यातले कुणी असतील, तर त्यांनी बरोबर यावे.

— संपादक मंडळ